प्रकाशाने जागे होणारे औषध

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. मेंदूतील गाठ अतिसूक्ष्म कण आणि प्रकाश यांच्या साहाय्याने नष्ट होणार असेल, तर कवटी उघडायचीच कशाला, असे तू विचारले आहेस. माझ्या मते खरी अडचण औषधापेक्षा प्रकाशाची आहे. तांबडा प्रकाश मेंदूच्या ऊतीत जेमतेम काही मिलिमीटर उपयोगी पडतो, त्यामुळे आज तरी तो शस्त्रक्रियेच्या वेळी किंवा बारीक तंतूमधून आतच न्यावा लागतो.

तत्त्व नवे नाही. १९०० साली म्युनिकमध्ये ऑस्कर राब या विद्यार्थ्याने दाखवून दिले की ॲक्रिडीन या रंगद्रव्यातले पॅरामिशियम हे एकपेशीय जीव उजेडात मरतात आणि अंधारात तग धरतात. प्रकाशसंवेदी औषधावर योग्य तरंगलांबीचा प्रकाश पडला, की ते शेजारच्या ऑक्सिजनला ऊर्जा देते आणि तयार झालेला सिंग्लेट ऑक्सिजन, म्हणजे ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रूप, पेशीचा नाश करतो. तो क्षणात विरत असल्याने त्याची मजल फार तर शेकडो नॅनोमीटरची असते, म्हणून जिथे औषध, प्रकाश आणि ऑक्सिजन हे तिन्ही एकत्र येतात तिथेच इजा होते. मला या उपचाराचे आकर्षण आहे ते याचसाठी. पण उणीवही इथेच आहे, कारण गाठीच्या गाभ्यात ऑक्सिजनच तोकडा असतो.

ग्लिओब्लास्टोमा या मेंदूच्या आक्रमक कर्करोगाच्या गाठीला स्पष्ट कड नसते. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि टेमोझोलोमाइड हे कर्करोगावरील औषध एवढे सगळे करूनही निम्मे रुग्ण निदानानंतर साधारण पंधरा महिन्यांपेक्षा जास्त जगत नाहीत, आणि गाठ बहुतेक वेळा काढलेल्या जागेच्या काठाशीच पुन्हा उगवते. म्हणून तो काठ दिसणे फार मोलाचे. शस्त्रक्रियेच्या काही तास आधी रुग्णाला ५-एएलए हे औषध पाजतात. गाठीच्या पेशी त्यापासून प्रोटोपॉर्फिरिन हे प्रकाशात चमकणारे द्रव्य तयार करून साठवतात. शस्त्रक्रियागृहातले दिवे मंद करून सूक्ष्मदर्शकातून निळा प्रकाश सोडला, की निळसर मेंदूच्या पार्श्वभूमीवर ती जागा गुलाबी-तांबडी चमकू लागते. जपानने याच्याही पुढे जाऊन २०१३ साली मेंदूतील गाठींसाठी टॅलापॉर्फिन या प्रकाशसंवेदी औषधाला मान्यता दिली. ते देऊन गाठ काढल्यावर उरलेल्या पोकळीच्या भिंतीवर ६६४ नॅनोमीटरचा लेझर टाकतात.

आता नॅनोकणांकडे, म्हणजे तू विचारलेल्या अतिसूक्ष्म कणांकडे येतो. रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडथळा बहुतेक औषधांना रोखतो. त्यामुळे औषध कणात भरून त्यावर ट्रान्सफेरिनसारखे प्रथिन चढवायचे आणि रक्तवाहिनीच्या पेशींनीच ते आत ओढून घ्यावे अशी व्यवस्था करायची, ही कल्पना आहे. काही कण अवरक्त प्रकाश शोषून दृश्य प्रकाश बाहेर टाकतात, म्हणजे खोलवर पोहोचणाऱ्या प्रकाशाने औषध जागवता येईल. मात्र शिरेतून दिलेले बहुतांश कण यकृत आणि प्लीहेतच अडकतात आणि हे काम अजून मुख्यतः प्रयोगशाळेत व प्राण्यांवर चालले आहे. उंदीर बरा झाला, की वर्तमानपत्रे रुग्ण बरा झाल्याच्या थाटात मथळे देतात, त्यावर तू भाळू नकोस.

तुझ्या परिचितांची शस्त्रक्रिया ठरली असेल, तर नॅनोकणांची वाट पाहत ती लांबवू नये. ५-एएलएची सोय आहे का आणि त्यांच्या गाठीला ते लागू पडते का, एवढे मात्र शल्यविशारदांना जरूर विचारावे. ते दिल्यास नंतरचा निदान एक दिवस त्यांना तीव्र उजेडापासून जपावे लागेल.

तुझा,
अरविंद