डोळा मिचकावणारी गोष्ट कुठे थांबली?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या उन्हाळ्यात माळ्यावरचे हॅरी पॉटरचे सातही भाग खाली काढले आणि रोज रात्री नऊ वर्षांच्या लेकीला वाचून दाखवायला लागलो. इंग्रजीत वाचायचं, अडलं की मराठीत सांगायचं. यंदाच्या उन्हाळ्यात पाचव्यावर आलो. मनात वाचताना कधी जाणवलं नव्हतं, ते मोठ्याने वाचताना कळलं. पहिला भाग आपसूक वाचला जातो, पाचव्यात धाप लागते.

पहिल्या भागात लेखिका रोलिंगबाई एखाद्या मिश्कील आत्यासारखी गोष्ट सांगतात. हॅरीच्या मावशीचा नवरा व्हर्नन डर्स्ली कामावर निघतो, कोपऱ्यावर मांजर नकाशा वाचत बसलेली. लेक खुदकन हसली. हॅरीला जिन्याखालच्या कपाटात झोपवतात, तेही गमतीत खपून जातं. मावशीच्या मुलाला, डडलीला, डुकराचं शेपूट फुटतं तो भाग तर तिने तीनदा वाचायला लावला. चौथ्यात (२०००) पहिल्याच प्रकरणात एका म्हाताऱ्या माळ्याचा खून होतो, आणि आत्याबाई मागे सरकायला लागतात. पाचव्यात (२००३) हॅरी मित्रांवर ओरडतो, ते सगळं कॅपिटल अक्षरांत. कूलरच्या घरघरीवर आवाज चढवून मी ते वाचलं, तर बायको स्वयंपाकघरातून धावत आली! शेवटी शाळेचा मुख्याध्यापक डम्बलडोर हॅरीपाशी कबूल करतो की, मावशीकडे तुझी दहा वर्षं हालात जाणार हे मला ठाऊक होतं. लेक म्हणाली, "मग कपाटाच्या वेळी आपण हसलो कशाला?"

मला उत्तर सुचलं नाही.

ब्रिटिश आवृत्तीत पहिला भाग २२३ पानांचा, पाचवा ७६६. (पाचव्याला कात्री लागायला हवी होती, हे माझं मत कायम आहे.) आम्ही हे भाग निघतील तसे वाचले. चौथ्या-पाचव्याच्या मधल्या तीन वर्षांत आमचा आवाज फुटला, मिसरूड आली. भाषा बदलतेय हे कळलंच नाही, कारण आम्हीही बदलत होतो. १९९७ ते २००७ हा दहा वर्षांचा पल्ला आजचं पोर वर्षभरात संपवतं, कारण वाढदिवसाला सातही भागांचा खोकाच हातात येतो. बर्डीवर, म्हणजे आपल्या सीताबर्डीच्या बाजारात, खरेदीला निघालेल्या काका-मावश्यांना सांगणं आहे, लहानग्यांना पहिले तीन द्या, उरलेले चार आपल्या कपाटात राहू द्या.

सहावा आम्ही उघडलेला नाही. "पुन्हा मांजरवाला घ्या ना बाबा," असा तिचा हुकूम आहे.

आपला,
एक वाचक, धरमपेठ, नागपूर