पैंगीण मतदारसंघ आणि पुढची रेषा: मुख्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. डॉ. प्रमोद सावंत,
मुख्यमंत्री, गोवा राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी काणकोण तालुक्यातला निवृत्त प्राथमिक शिक्षक. मराठी शाळेत एकतीस वर्षे शिकवले. निवडणूक जाहीर झाली की शिक्षकाच्या हाती मतदारयादी येते, तशी ती माझ्याही हाती पुष्कळदा आली. त्या कामात जे पाहिले, त्यावरून हे पत्र लिहितो आहे. ज्या मतदारसंघाविषयी लिहायचे आहे तो आज नकाशावर नाही. त्याचे नाव पैंगीण.

१९८९ च्या नोव्हेंबरातली निवडणूक मला कालच्यासारखी आठवते. माझी नेमणूक खोतीगावच्या बाजूला एका शाळेत झाली होती. जीप जिथे थांबली तिथून पुढे आम्ही चालत गेलो. मतपेटी डोक्यावर घेतलेला शिपाई पुढे आणि सामानाच्या पिशव्या घेऊन आम्ही मागे. सकाळी दार उघडले तेव्हा रांग लागलेली होती. बहुतेक माणसे वेळीप या आदिवासी समाजातली, धुतलेले कपडे घालून आलेली. शाई लावताना एका वयस्क शेतकऱ्याने मला विचारले, "मास्तर, आतां आमचो आमदार हांगाचोच न्ही?" आमदार आता इथलाच ना, असे त्याला विचारायचे होते. मी हो म्हटले. त्या दिवशी ते खरेच होते.

त्याआधीची गोष्ट आपणास ठाऊक आहेच, पण तरुण वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. पोर्तुगीज राजवटीतून मुक्तीनंतर दोन वर्षे पुरी व्हायच्या आत, ९ डिसेंबर १९६३ रोजी, गोवा, दमण आणि दीवच्या विधानसभेसाठी पहिले मतदान झाले. तीस जागा होत्या. त्यातल्या अठ्ठावीस गोव्याच्या, एक दमणची आणि एक दीवची. नव्या काबिजादींतल्या, म्हणजे पोर्तुगिजांनी मागाहून जिंकलेल्या तालुक्यांतल्या, सामान्य कष्टकऱ्याला राज्य कोणी चालवावे हे तोवर कोणी विचारलेच नव्हते. त्या मतदानातून महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे सरकार आले, भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि खेडोपाडी मराठी शाळा निघाल्या. मी ज्या शाळेत शिकलो आणि पुढे शिकवले, ती त्यातलीच एक. काणकोण तालुक्याला तेव्हा एक आमदार मिळाला. ३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झाले, विधानसभेच्या जागा चाळीस झाल्या आणि १९८९ ला काणकोणबरोबर पैंगीण हाही मतदारसंघ लढवला गेला. तळपण आणि गालजीबाग या दोन नद्यांचा, लोलये-पोळेच्या सीमेपर्यंत जाणारा, एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला अभयारण्य असलेला हा मुलूख. पैंगिणीच्या वेताळाच्या देवळात दर तीन वर्षांनी गड्यांची जत्रा भरते. ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना या गावांचे एकमेकांशी असलेले नाते वेगळे सांगावे लागत नाही.

पैंगीण मतदारसंघाच्या वाट्याला पाच सार्वत्रिक निवडणुका आल्या: १९८९, १९९४, १९९९, २००२ आणि २००७. मध्ये एक पोटनिवडणूकही झाली, आणि तिच्याकडे साऱ्या राज्याचे डोळे लागले होते. २००५ च्या आरंभी ज्या आमदारांच्या राजीनाम्यांनी सरकार डळमळले, त्यांत पैंगीणचे आमदारही होते. मार्चमध्ये राष्ट्रपती राजवट आली आणि जूनमध्ये मतदान झाले. त्या महिन्यांत पणजीहून जेवढ्या गाड्या करमलघाट उतरून आमच्याकडे आल्या, तेवढ्या मी त्याआधी पाहिल्या नव्हत्या. त्या राजीनाम्यांबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. पण एक गोष्ट लोकांना तेव्हा कळली, की आपल्या खेड्यांच्या मतावर पणजीतले सरकार उभे राहू शकते आणि पडूही शकते. खोतीगावातला माणूस हे बोलून दाखवत असे.

मग २००८ चा मतदारसंघ पुनर्रचना आदेश आला. २००१ च्या जनगणनेचे आकडे धरून रेषा आखल्या गेल्या आणि ३ मार्च २०१२ ची निवडणूक त्या नव्या रेषांवर झाली. धारगळ, पाळी, लोटली आणि पैंगीण ही चार नावे गेली. पर्वरी, दाबोळी, नुवे आणि साखळी ही चार आली. आपण स्वतः २००८ ची पोटनिवडणूक पाळी मतदारसंघातून लढवलीत आणि २०१२ मध्ये साखळीतून निवडून आलात. रेषा बदलली की गावांची मांडणी, कार्यकर्त्यांची घडी, कुणाचे काम कोणाकडे न्यायचे हा सगळा हिशेब कसा बदलतो, हे आपल्याइतके जवळून फार थोड्या मुख्यमंत्र्यांनी पाहिले असेल. म्हणूनच हे पत्र आपल्याला लिहावेसे वाटले. फरक एवढाच, की तुमच्या भागात एक नाव गेले आणि दुसरे आले. पेडणे आणि काणकोण, उत्तर आणि दक्षिण टोकांच्या या दोन्ही तालुक्यांतली एकेक जागाच गेली. आता मतदारसंघांच्या यादीत मांद्रे पहिले आणि काणकोण चाळिसावे, म्हणजे शेवटचे.

हिशेब चुकीचा होता असे मी म्हणत नाही. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५ होती. चाळीस जागांनी भागले तर एका जागेमागे सुमारे ३६,४६० माणसे येतात. काणकोण तालुक्याची लोकसंख्या ४५,१७२, म्हणजे सव्वा जागा. दोन जागा मागायला आमच्याकडे माणसेच नाहीत. २००१ ते २०११ या दहा वर्षांत राज्य लाखाहून अधिक माणसांनी वाढले आणि आमचा तालुका जेमतेम हजारभराने. शिकलेली मुले मडगावला, वास्कोला, पर्वरीला राहायला जातात. तिथली लोकसंख्या वाढते आणि तिथली जागाही वाढते.

पण त्या हिशेबात एक मोठी उणीव राहून गेली होती, आणि तिची किंमत आमच्या डोंगरातल्या माणसांनी मोजली. गावडा, कुणबी आणि वेळीप यांचा अनुसूचित जमातींच्या यादीत समावेश झाला २००३ मध्ये. जनगणना त्याआधीची, २००१ ची. त्यामुळे २००१ च्या कागदावर गोव्यातल्या अनुसूचित जमातींची संख्या अवघी ५६६ भरली. तोच कागद धरून मतदारसंघ आखले गेले आणि त्यांच्यासाठी राखीव जागा एकही निघाली नाही. २०११ च्या जनगणनेत हीच संख्या १,४९,२७५ झाली, म्हणजे दहातला एक गोंयकार. माणसे तीच होती आणि तिथेच राहत होती. २५ मे २०११ रोजी बाळ्ळीला आपल्या हक्कांसाठी उतरलेल्या आदिवासींपैकी दोन तरुणांचा जीव गेला. त्यांच्या समाजासाठी विधानसभेत राखीव जागा मिळण्याचा कायदा संसदेने मंजूर केला तो २०२५ च्या ऑगस्टमध्ये.

हा कायदा झाला याचा मला मनापासून आनंद आहे. आता खरे काम पुढे आहे. २०११ च्या प्रमाणाने चाळीसपैकी चार जागा अनुसूचित जमातींच्या वाट्याला येतात. त्या कोणत्या, हे ठरेल. शिवाय २०२७ च्या जनगणनेनंतर साऱ्याच मतदारसंघांच्या रेषा पुन्हा आखण्याची वेळ येईल. त्या वेळी आपण कोणत्या खुर्चीवर असाल हे मला माहीत नाही, पण राज्याची बाजू मांडायची तयारी आजच करावी लागेल.

माझी मागणी अशी आहे. काणकोण, केपे आणि सांगे या तीन तालुक्यांची २०११ ची लोकसंख्या मिळून १,९१,५१२ होते. सरासरीने भागले तर सव्वापाच जागा. या पट्ट्यात आज पाच मतदारसंघ आहेत: काणकोण, केपे, कुडचडे, सांगे आणि सावर्डे. तेव्हा सहावी जागा मी मागत नाही. या पाचांच्या आतली रेषा फिरवता येते, एवढेच म्हणतो आहे. खोतीगाव, गावडोंगरी, बार्से, मोरपिर्ला, नेतुर्ली ही गावे तीन तालुक्यांत आणि तीन मतदारसंघांत विखुरली आहेत. प्रत्येक मतदारसंघात ती कडेला पडतात. काणकोणात मतांचे वजन चावडी या तालुक्याच्या मुख्य गावच्या बाजाराकडे आणि पाळोळे, आगोंदच्या किनाऱ्याकडे झुकते. पर्यटनाचे प्रश्न मोठे होतात आणि वनहक्काचे दावे मागे राहतात. केप्यात आणि सांग्यातही डोंगर शहराच्या मागेच उभा असतो. या गावांचे जगणे एकसारखे आहे. पूर्वीची कुमेरी, म्हणजे डोंगरातली जंगल तोडून-जाळून केलेली फिरती शेती, आजचे काजू आणि माड, अभयारण्याचे नियम, सनद नसलेली जमीन, पावसाळ्यात तुटणारा रस्ता. २ ऑक्टोबर २००९ च्या पुरात काणकोणची घरेदारे वाहून गेली, तेव्हा डोंगरावरून पाणी कसे उतरते हे सगळ्या राज्याने पाहिले. ही गावे एका मतदारसंघात आली आणि तो राखीव झाला, तर तिथून निवडून येणाऱ्याला डोंगर टाळून राजकारण करता येणार नाही.

मतदारसंघ आखताना सलग भूभाग, डोंगर-नद्यांसारख्या नैसर्गिक खुणा, दळणवळण आणि लोकांची सोय पाहावी, असे पुनर्रचनेचा कायदाच सांगतो. तालुक्याची हद्दही पाहावी असे तो म्हणतो, हे मी नाकारत नाही. पण पाहायच्या अनेक गोष्टींपैकी ती एक आहे. पुनर्रचना आयोगासोबत राज्यातले खासदार आणि काही आमदार सहयोगी सदस्य म्हणून बसतात. आपल्या सरकारने ही मांडणी त्यांच्या हाती आजच द्यावी.

आणखी एक, आणि हे मला फार महत्त्वाचे वाटते. मागच्या वेळी आमच्या गावात कोणालाही काही कळले नाही. मसुदा प्रसिद्ध झाला असेल, हरकती मागवल्या असतील, सुनावणीही झाली असेल. पण मला पैंगीण गेल्याचे कळले ते मतदारयादीच्या पहिल्या पानावरून, आणि मी तर त्या कामातला माणूस. या वेळी मसुदा आणि नकाशा मराठीत आणि कोंकणीत, देवनागरी अक्षरांत, प्रत्येक पंचायतीच्या फलकावर लागावा. त्यावर ग्रामसभा व्हावी. सुनावणी पणजीला ठेवली तर गावडोंगरीच्या माणसाचा पूर्ण दिवस जाण्या-येण्यात मोडतो. ती चावडीला, केप्याला आणि सांग्यालाही व्हावी. यासाठी नवा कायदा लागत नाही. आपल्या सहीचे एक परिपत्रक पुरेल.

१९८९ मध्ये मला प्रश्न विचारणारे ते शेतकरी आता नाहीत. त्यांची नात गेल्या निवडणुकीत पहिल्यांदा मतदान करून आली आणि रस्त्यात भेटली तेव्हा तिने मला विचारले, की आमच्या वाड्यावर आमदार शेवटचा कधी आला होता. मला वर्ष आठवले नाही.

उत्तराची वाट पाहतो.

आपला,
पैंगीण मतदारसंघाचा एक जुना मतदार