पत्रिकेवरची रेणुका

शहापूर, बेळगाव

प्रिय शालू,

आई जाऊन पाच महिने झाले आणि तुला मी दोन ओळीसुद्धा धाडल्या नाहीत. रागावली असशील तर रागाव. तब्येत बरी आहे, शुगर होती तिथंच आहे.

लेकीला मुलगी झाली गे! बारसं सव्वा महिन्यानं, येत्या पंचवीस तारखेला. नाव ठरलंय रेणुका. "पणजीचं नाव," असं जावई सगळ्यांना कौतुकानं सांगतायत. मी हसले आणि आत जाऊन रडले. का, ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

माझ्या लग्नपत्रिकेचा मजकूर तूच लिहिलास. आईचं नाव काय घालू, विचारलंस. मी म्हटलं, रेणुका घाल, पुण्याची माणसं आहेत. आठ दिवस बोलली नाहीस माझ्याशी. आणि पत्रिका छापून आल्यावर आई म्हणाली, "माझं नाव वाच गे," तेव्हा छापलेल्या रेणुकावर बोट ठेवून तूच "यल्लुबाई" वाचलंस. ते बोट अजून डोळ्यांपुढे येतं. पुढं रेशनकार्डावर रेणुका, मृत्यूच्या दाखल्यावरही रेणुकाच.

देवी एकच, असं मनाला समजावत आले. सौंदत्तीच्या डोंगरावरची यल्लम्मा म्हणजेच जमदग्नींची रेणुका, परशुरामाची आई. पण रेणुका संस्कृतातलं, रेणू म्हणजे धुळीचा कण. यल्लम्मा इथलं. कन्नडात 'एल्ला' म्हणजे सगळे. सगळ्यांची अम्मा ती यल्लम्मा, असं आजी सांगायची. आजीची तीन मुलं गेली, मग तिनं नवस बोलला. मार्गशीर्षाच्या पुनवेला बैलगाडीनं डोंगर गाठला, जोगुळभावीला न्हाली, कपाळभर भंडारा लावला. त्यानंतर आई झाली. असं मागून आणलेलं नाव मी एका पत्रिकेसाठी खोडलं.

लाज वाटायची ती जोगतिणींवरून होणाऱ्या चेष्टेची. देवीला मुली सोडायला बंदी घालणारा कायदा १९८२ चा, पण लोकांची तोंडं कायद्यानं थोडीच बंद होतात! आजीच्या वेळी गल्लीत "यल्लव्वा" म्हणून हाक मारली की तीन दारांतून ओ यायची. आपल्या वर्गात एकच यल्लू, तीही तुझी वेणी ओढणारी. आता अंगणवाडीत एकही नाही. रेणुका मात्र टिकली. मलप्रभेच्या धरणाचं पाणीसुद्धा रेणुकासागर.

लेकीला खरं सांगू का? "तुला आजीची लाज वाटायची?" असं विचारलं तर होय म्हणावं लागेल. गप्प बसले, तर ही पोर उद्या सगळ्यांना सांगेल, माझ्या पणजीचं नाव रेणुका होतं.

तुझा गुडघा कसा आहे? धाकट्याचं जमलं म्हणे, फार आनंद झाला.

बारशाला आदल्या दिवशीच ये. ती पत्रिका तुझ्या ट्रंकेत असेल, घेऊन ये. लेकीला दाखवायची म्हणते, पण तू शेजारी बसलीस तरच माझं तोंड उघडेल.

तुझीच,
कुसुम