हाताला टेकू

ऐरोली,
२० जुलै

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, रात्री साडेनऊपर्यंत रबाळ्याला काय करत असतोस. मी गाडीत होतो, गर्दी होती, दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नव्हतंही. आज दिवसभर पाऊस कोसळतोय, पारसिकचा डोंगर खिडकीतून दिसत नाही. निवांत बसून लिहितो.

मी टिग वेल्डिंग शिकतोय. शेडमध्ये त्याला टिग कुणी म्हणत नाही, आर्गन म्हणतात. 'आर्गन मारता येतं का?' असाच प्रश्न असतो. पाडवा झाल्यावर सुरुवात केली. आठवड्यातून तीन संध्याकाळी, ऑफिस सुटल्यावर.

कारण तुला सांगायलाच हवं. बावीस वर्षं मी पाइपिंगची ड्रॉइंग काढतोय. आमच्या आयसोमेट्रिक ड्रॉइंगवर वर्कशॉपमध्ये करायच्या जोडाला टिंब असतं आणि साइटवर करायच्या जोडाला फुली. अशा किती फुल्या मारल्या असतील, हिशेब नाही. गेल्या डिसेंबरात एका साइटवर गेलो होतो. तिथे पाइप आणि भिंत यांच्यामध्ये जेमतेम वीतभर जागा होती, आणि त्या वीतभर जागेत एक माणूस उताणा पडून, भिंतीला छोटा आरसा टेकवून, आरशात बघत जोडाची मागची बाजू भरत होता. आरशात डावं-उजवं उलटं दिसतं, म्हणजे हात उलटे चालवायचे. मी हातातलं ड्रॉइंग पाहिलं. फुली माझी होती. ती हातभर अलीकडे घेतली असती, तर त्याला उभं राहून काम करता आलं असतं. मला ती हलवायला पाच सेकंदही लागले नसते. तो माणूस काही बोलला नाही. बाहेर आला, पाणी प्यायला, पुन्हा आत गेला. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि आपण काय मागतो ते स्वतःच्या हातानं करून बघायचं, एवढं ठरलं.

ज्यांच्याकडे शिकतो त्यांना सगळे काका म्हणतात. मूळचे राजापूरकडचे, उमेदीची सगळी वर्षं बॉयलरच्या पाइपांवर घालवलेली. आता रबाळ्याच्या एमआयडीसीत भाच्याच्या शेडमध्ये अवघड जॉब तेवढे बघतात. पहिले दोन आठवडे मला 'साहेब' म्हणायचे. आता 'अरे, मनगट!' म्हणून ओरडतात, आणि मला तेच बरं वाटतं.

या कामात मला सारखी अप्पांची आठवण येते. तुमच्या दुकानाच्या पायरीवर बसून आपण त्यांना बांगडीला डाग लावताना बघायचो. तोंडात फुंकणी, गाल फुगलेले, श्वास नाकानं चालू आणि फुंक मात्र तुटत नाही. जोडावर आधी टाकणखार लावायचे. तो कशासाठी, हे मी कधी विचारलं नव्हतं. आता कळतं. तापलेल्या धातूला हवेतला ऑक्सिजन लागू द्यायचा नाही, यासाठी ती सगळी खटपट. आर्गनमध्ये टाकणखाराचं काम वायू करतो. वेल्डिंगच्या हातात धरायच्या दांड्याला टॉर्च म्हणतात. टॉर्चच्या टोकाला चिनी मातीसारखा दिसणारा गुलाबी कप असतो. त्यातून आर्गन वाहतो आणि वितळलेल्या धातूवर पांघरूण घालतो. कपाच्या मधोमध टंगस्टनची बारीक कांडी. ती ३४२२ अंश सेल्सिअसला वितळते, पोलाद १५०० च्या आसपास, म्हणून कांडी शाबूत राहते आणि खालचं पोलाद पाणी होतं. भर घालायची तार वेगळी, ती डाव्या हातात.

आर्गन हा शब्द ग्रीक, अर्थ 'आळशी'. १८९४ मध्ये रेली आणि रॅम्झी यांनी तो हवेतून वेगळा काढला, तेव्हा तो कशाशीच संयोग पावेना म्हणून हे नाव पडलं. आपण आत्ता घेतोय त्या हवेतही तो जवळजवळ एक टक्का आहे. आणि ही वेल्डिंगची रीत आली १९४१ च्या सुमारास, अमेरिकेतल्या नॉर्थ्रॉप विमान कारखान्यातून. विमानासाठी मॅग्नेशियम जोडायचं होतं आणि ते उघड्या हवेत पेट घेतं, म्हणून रसेल मेरेडिथ यांनी टंगस्टनभोवती हेलियम सोडला. पुढे स्वस्त आणि जड म्हणून आर्गन रुळला.

आता खरी गोष्ट, टॉर्च धरण्याची.

सुरुवातीला काकांनी टॉर्च अधांतरी धरायला लावली. पेनासारखी, उभ्या रेषेपासून पंधराएक अंश मागे कललेली, टंगस्टनचं टोक पत्र्यापासून दोन-अडीच मिलिमीटर वर. तेवढंच अंतर, ना कमी ना जास्त. अंतर वाढलं की आर्क, म्हणजे कांडी आणि पत्रा यांच्यामधली विजेची ज्योत, पसरते आणि पत्रा नुसता तापत बसतो. कमी झालं की टोक वितळलेल्या धातूत बुडतं. बुडलं की काम थांबवायचं, कांडी काढायची, ग्राइंडरवर पुन्हा टोक काढायचं. तेही लांबीच्या दिशेनं घासायचं, म्हणजे घासल्याच्या रेषा टोकाकडे जातात. आडवं घासलं तर आर्क भरकटते. पहिल्या संध्याकाळी मी कांडी एकोणीस वेळा घासली. काका लाल पट्टीची कांडी वापरतात, पण लाल म्हणजे थोरियमवाली, तिची धूळ किंचित किरणोत्सारी. मी स्वतःसाठी निळ्या पट्टीची लँथेनमवाली आणली. काकांनी ती दोन दिवस वापरून बघितली आणि परत दिली नाही.

मग तळं. वितळलेल्या धातूचा तो चकचकीत गोल ठिपका, त्याला मी मनात तळं म्हणतो. नवशिक्या आर्ककडे बघतो, कारण ती डोळ्यांत भरते. बघायचं असतं तळ्याकडे. त्याची कड स्थिर झाली, पृष्ठभाग आरशासारखा झाला, मगच तारेचं टोक पुढच्या कडेला टेकवायचं, थेंब सुटला की मागे घ्यायचं. पण किती मागे? आर्गनच्या पांघरुणाबाहेर जाईल इतकं नाही, नाहीतर तापलेलं टोक काळं पडतं आणि पुढच्या थेंबाबरोबर ती घाण आत जाते. तार अंगठ्यानं पुढे सरकवावी लागते, मूठ न सोडता. यासाठी मी रोज ट्रान्स हार्बरच्या गाडीत तारेचा वीतभर तुकडा घेऊन बसतो आणि ऐरोलीपासून महापेपर्यंत... चुकलो, घणसोलीपर्यंत, पुढे रिक्षा. तेवढ्या वेळात बोटांतून तो सरकवत राहतो. महिनाभरात अंगठा शिकला.

हात मात्र शिकेना. दोन महिने माझा जोड वाकडा. उजवा हात थरथरायचा आणि मी तो आणखी घट्ट धरायचो. घट्ट धरला की थरथर वाढते, हे मला माझ्या वयाचं लक्षण वाटत होतं. एका संध्याकाळी काकांनी मशीन बंद केलं, चार इंची पाइपचे दोन तुकडे टॅक मारून, म्हणजे छोट्या ठिपक्यांनी तात्पुरते जोडून, क्लॅम्पवर चढवले आणि म्हणाले, 'हात हवेत कशाला धरतोस? टेकव की.' त्यांनी कपच जोडाच्या खाचेत ठेवला, दोन्ही कडांना टेकून. मग टॉर्चची मूठ डावीकडे कलवली, उजवीकडे कलवली. कप एका कडेवर उचलला गेला, मग दुसऱ्या कडेवर, आणि दर हेलकाव्याला केसभर पुढे सरकला.

मी ओळखलं ते काय आहे. लोखंडी कपाट एकट्यानं हलवताना आपण काय करतो? उचलत नाही. एक कोपरा टेकलेला ठेवून दुसरा पुढे घेतो, मग तो टेकवून पहिला. कपाट चालतं. तसा हा कप चालतो. वजन सगळं पाइपवर, आणि टंगस्टनचं अंतर कप सांभाळतो. मनगटाला फक्त हेलकावा द्यायचा. थरथरायला हात हवेत उरतच नाही.

आता यातही मेख आहे. कांडी कपाबाहेर किती काढायची, हे आर्क लावण्याआधी थंड पाइपवर कप ठेवून बघावं लागतं. जास्त निघाली तर हेलकाव्यात टेकते. कपाचा नंबर म्हणजे इंचाचे सोळांश, आठ नंबर म्हणजे अर्धा इंच. कप बदलला की टॉर्चचा कल बदलतो, म्हणजे सगळं नव्यानं. शिवाय दाबून धरलं तर कप अडकतो, हलका धरला तर घसरतो. काका म्हणतात, पाटा-वरवंट्यासारखा दाब नको, पोळी लाटताना असतो तेवढा. मी काकांकडून एक मोडकी टॉर्च आणि पाइपचा तुकडा घरी आणला. जेवणं झाली की अर्धा तास बाल्कनीत नुसता कप चालवतो, आर्क नाही, वीज नाही. खर्र खर्र आवाज होतो. हिनं पहिल्या आठवड्यात कानांवर उशी घेतली. आता एखाद्या दिवशी आवाज आला नाही तर आतून विचारते, 'आज नाही का?'

टेकवण्याची रीत सगळीकडे चालत नाही, हेही सांगतो. पातळ पत्र्यावर नाही, अडचणीच्या कोपऱ्यात नाही, पॉलिश केलेल्या स्टेनलेसच्या नळीवर कपाचे ओरखडे चालत नाहीत. म्हणून अधांतरी हातही घासतोच आहे. तिथेसुद्धा करंगळी किंवा कोपर कुठेतरी टेकवायला शिकलो. अप्पा दोन्ही कोपरं मांडीला लावून बसायचे ना रे? मला तसंच आठवतंय. विचारून कळव.

उन्हाळ्यानं मात्र जीव काढला. पत्र्याची शेड, मे महिना, आणि पंखा लावता येत नाही, कारण वाऱ्यानं आर्गन उडून जातो आणि जोडात बारीक भोकं पडतात. अंगातून धारा लागायच्या. एकदा शर्टाचं वरचं बटण उघडं राहिलं तर गळ्याखाली त्रिकोणी भाजलं, उन्हात भाजावं तसं. एकदा तोंडावरच्या मुखवट्याची काच वर असताना शेजाऱ्यानं आर्क लावली. त्या रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं, पाणी थांबेना. तेव्हापासून आजूबाजूला कोण काय करतंय ते आधी बघतो. आता पावसाळ्याचं वेगळंच. संध्याकाळी घासून लख्ख केलेला पाइप दुसऱ्या दिवशी तांबूस. तारेवरही गंज धरतो. अर्धा वेळ ग्राइंडरवर जातो, आणि तो घालवावाच लागतो.

काकांनी एकाच बाबतीत मला खाली बसवून बजावलं आहे. स्टेनलेसचा पाइप जोडताना आतूनही आर्गन भरतात, नाहीतर आतली बाजू करपून खडीसाखरेसारखी रवाळ होते. पण हा वायू हवेपेक्षा जड, वास नाही, रंग नाही. टाकीत किंवा खड्ड्यात तळाला साठतो आणि आत उतरलेल्या माणसाला काही कळायच्या आत बेशुद्ध करतो. 'आर्गन भरलेल्या टाकीत डोकं घालायचं नाही, पाना पडला तर पडू दे.' हे त्यांनी दोनदा माझ्याकडून म्हणून घेतलं. कुणाची तरी आठवण त्यामागे असावी, मी विचारलं नाही.

जूनच्या शेवटी काकांनी माझ्या जोडाची परीक्षा घेतली. पाइपमधून पट्ट्या कापल्या आणि जोडाची आतली बाजू बाहेर येईल अशा वाकवल्या, इंग्रजी यू सारख्या. तीन मिलिमीटरपेक्षा मोठी चीर उघडली तर नापास. माझ्या दोन पट्ट्या टिकल्या, तिसरीत पाच मिलिमीटरची चीर. बरोबर टॅक होता तिथे. टॅकची दोन्ही टोकं घासून उतरती करायची असतात, म्हणजे नवा धातू त्यात मिसळतो. मी ती तशीच जाड ठेवली होती. वरून काहीच दिसत नव्हतं, बंड्या. वरून जोड सुरेख होता. मी ती पट्टी ऑफिसच्या टेबलावर ठेवली आहे.

ऑफिसातही एक केलं. आता फुली मारण्याआधी मी मॉडेलमध्ये तिच्याभोवती जागा मोजतो. टॉर्च, डोकं, दोन कोपरं, आणि तार धरलेल्या डाव्या हाताला मागे सरकायला जागा. गेल्या महिन्यात अकरा फुल्या हलवल्या. एका ठिकाणी पाइपचा मार्गच बदलावा लागला. वरिष्ठांनी वेळेबद्दल विचारलं तेव्हा मी त्यांना काकांच्या शेडमध्ये घेऊन गेलो आणि आरशात बघून जोड करून दाखवा म्हणालो, काकांना. त्यांनी करून दाखवला. वरिष्ठ परत येताना गाडीत फारसं बोलले नाहीत, पण जागा मोजण्याला त्यांनी पुन्हा हरकत घेतली नाही.

पुढचं म्हणजे पंचेचाळीस अंशांत तिरका बांधलेला पाइप. वर, खाली, बाजूनं, सगळ्या स्थितींत एकच जोड, आणि पाइप फिरवायचा नाही. काका म्हणतात गणपतीपर्यंत नको, आधी आडवा नीट कर.

या पत्राबरोबर पाइपचा एक तुकडा पाठवतोय, मधोमध उभा कापलेला. बाहेरून बघू नकोस, आतल्या बाजूला जोडावरून बोट फिरव. बहुतेक ठिकाणी सारखी, बारीक उंचवट्याची कड लागेल. एका जागी बोट थोडं खाली जाईल. तिथे मी खालून वर येताना पाय बदलला होता. अप्पांनाही दे, त्यांच्या बोटांना आणखी काय लागतं ते लिहून पाठव.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
दिल्या