सूज दिसण्याआधी वजनकाटा सांगतो

मा. संपादक,
स. न.

हृदयविकार म्हटलं की आपल्याकडे चर्चा होते ती ब्लॉकेज, अँजिओग्राफी आणि स्टेंटची. अटॅकमधून वाचल्यावर किंवा वर्षानुवर्षं बीपी चढलेलं राहिल्यावर हृदय थकतं, त्या हार्ट फेल्युअरकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही. यात हृदय चालू असतं, पण शरीराला पुरेल इतकं रक्त पुढे ढकलत नाही. मग मूत्रपिंडं मीठ आणि पाणी धरून ठेवतात, आणि ते पाणी पायांत, पोटात, फुप्फुसांत साठतं.

जिना चढताना दम लागणं, उताणं झोपता न येणं, एका उशीच्या दोन-तीन उशा होणं, झोप लागल्यावर तासा-दोन तासांनी गुदमरून उठून बसणं, ही त्याची लक्षणं. घरात याला 'वय झालं' म्हणतात. नडगीवर अंगठा काही सेकंद दाबून धरा. खड्डा तसाच राहिला तर डॉक्टरांना दाखवा. टू-डी एकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंग नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त होऊ नये. ताठर झालेल्या हृदयातही हा आजार होतो.

निदान झालेल्यांनी रोज वजन करावं: सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर, तशाच कपड्यांत. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ती चरबी नव्हे, पाणी आहे. सूज दिसायची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा.

मिठाबद्दल आपल्या इंदूरकरांना सांगणं सर्वांत अवघड! दिवसभरात सगळं मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ हवं, म्हणजे चहाचा जेमतेम एक सपाट चमचा. सकाळच्या पोह्यांवर शेव आणि जिरावन मसाला, जेवताना लोणचं-पापड, संध्याकाळी पुन्हा शेव. वरणभाजीतलं मीठ वेगळंच. सैंधवही मीठच आहे. 'लो सोडियम' मिठात पोटॅशियम असतं. रामिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन ही हृदयाची औषधं चालू असतील, मूत्रपिंड कमजोर असेल, तर रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून हे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेली डायक्लोफेनॅक वा आयबुप्रोफेन ही गोळी शरीरात पाणी साठवते; सांभाळलेला रुग्ण त्यामुळे पुन्हा भरती होतो. लग्नाला किंवा प्रवासाला जायचं म्हणून लघवीची (साठलेलं पाणी बाहेर काढणारी) गोळी चुकवणारेही पुष्कळ. ती कोणत्या वेळी घेतली तर चालेल, हे डॉक्टरांना आधीच विचारता येतं.

बसल्या जागीही श्वास पुरत नसेल, गुलाबी फेसाळ कफ पडत असेल किंवा छातीत दडपण येऊन घाम सुटला असेल, तर वजन-बिजन पाहत बसू नये. रुग्णाला बसतं ठेवून लगेच १०८ ला फोन करावा.

— एक वाचक, रामबाग, इंदूर