भांडीकुंडी आणि गिरण्या

‘कम्युनिस्ट आले की घरातली भांडीकुंडीही सरकारजमा’ हा प्रचार अजून चालतो. मार्क्स-एंगल्स यांच्या १८४८च्या जाहीरनाम्याचा रोख मात्र दुसऱ्याला मजुरीवर राबवून नफा देणाऱ्या मालकीवर आहे. गिरण्या, खाणी, जमीनदारी. सोव्हिएत संघाच्या १९३६च्या राज्यघटनेने तर राहते घर, बचत, घरगुती सामान आणि त्याचा वारसाहक्कही मान्य केला होता. सामूहिक शेतीतल्या कुटुंबाला परसातला जमिनीचा तुकडा, गुरे, कोंबड्या ठेवता येत.

विरोधकांना खरा मुद्दा हवा असेल, तर तो सिद्धांतात नव्हे, अंमलबजावणीत आहे. १९३०च्या हिवाळ्यात शेतकऱ्यांच्या गायी, काही ठिकाणी कोंबड्यासुद्धा, जबरदस्तीने सामूहिक केल्या गेल्या. मार्चमध्ये स्टालिनने ‘प्रावदा’ या पक्षाच्या वृत्तपत्रात लेख लिहिला आणि दोष खालच्या कार्यकर्त्यांवर ढकलून दिला!

– एक वाचक, सांगली