नववीच्या वह्या आणि गल्लीची वर्गणी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे छत्र आठवीपाशी संपते आणि पाठ्यपुस्तके, प्रयोगवह्या व पुढे दहावीच्या परीक्षेचे शुल्क, हा सारा खर्च विडी वळणाऱ्या किंवा यंत्रमागावर राबणाऱ्या घरावर एकदम येऊन पडतो. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात अशी घरे गल्लोगल्ली आहेत.

गेल्या जूनमध्ये आम्ही शेजाऱ्यांनी यासाठी वर्गणी काढली. हजारी विड्यांवर मजुरी घेणाऱ्या एका मावशींनी पदराची गाठ सोडून तंबाखूचा वास लागलेली वीस रुपयांची नोट दिली आणि पावतीही आवर्जून मागितली. (पावतीपुस्तक मात्र आमच्याकडे नव्हते!) अशा वर्गणीस धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, हे आम्हांस नंतर कळले; यंदा आधी अर्ज करणार आहोत.

गणेशोत्सव मंडळांकडे परवानगी, हिशेब आणि कार्यकर्ते हे तिन्ही असल्याने त्यांनी वर्गणीतील काही भाग नववी-दहावीच्या मुलांसाठी राखून ठेवावा आणि पैसे थेट पुस्तकविक्रेत्याकडे भरावेत, अशी विनंती आहे. मात्र मुलांना व्यासपीठावर उभे करून छायाचित्रे काढू नयेत. त्या वयात ते मनाला फार लागते.

आपला नम्र,
एक वाचक, सोलापूर